मदत हवी आहे: भावाच्या एकुलत्या चांगल्या डोळ्याला कामावर इजा झाली, तडजोडीच्या कागदावर सही करावी का?

नमस्कार. यातून कुणी गेलं असेल तर कृपया लगेच सांगा. सोमवारपर्यंत सही करा म्हणून मागे लागलेत.

माझा धाकटा भाऊ वर्कशॉपमध्ये फिटर आहे. अकरा आठवड्यांपूर्वी अडकलेली पिन काढायला छिन्नीवर हातोडा मारत होता. छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून फुलासारखं पसरलेलं, कडा चिरलेल्या. त्यातलाच एक बारीक तुकडा उडून डाव्या डोळ्यात गेला. दुखलं म्हणाल तर फार नाही. टोचल्यासारखं झालं, पाण्याने डोळा धुतला आणि पठ्ठ्याने आणखी तासभर काम केलं! संध्याकाळी डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगायला लागले तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेला. सीटी स्कॅनमध्ये तुकडा पार मागे, पडद्याजवळ दिसला. ऑपरेशन करून तो काढला. भिंग पांढरं पडलं होतं, तेही काढावं लागलं. पडदा जागेवर राहावा म्हणून आत सिलिकॉन ऑइल भरलंय, ते काढायला पुन्हा ऑपरेशन आहे. आज त्या डोळ्याची नजर ६/६०, म्हणजे इतरांना ६० मीटरवरून दिसणारं अक्षर वाचायला याला ६ मीटरवर यावं लागतं.

आणि उजवा डोळा लहानपणापासून 'आळशी' आहे. वेळेत उपचार झाले नाहीत (तो आमच्या घरातला जुना वाद आहे, इथे नको). थोडक्यात, गेला तो त्याचा कामाचा डोळा.

मालकाने पहिल्या ऑपरेशनचा खर्च दिला, ते नाकारत नाही. आता एक रक्कम देऊ म्हणतात, पण कागदावर 'पूर्ण व अंतिम' आणि 'यापुढे कोणताही दावा करणार नाही' असं लिहिलंय. त्यांचं म्हणणं, एक तर गॉगल होता, त्यानेच घातला नाही. आणि उजवा डोळा आधीच अधू होता, त्याचं आम्हाला काय? गॉगल होते हे खरं. चौघांत दोन, आणि काचांवर इतके चरे की ते लावून हातोडा मारला तर बोटावरच बसेल.

सही केली तर पुढच्या ऑपरेशनचं काय? गॉगल घातला नाही म्हणून सगळंच हातचं जातं का? ज्या कागदावर सही करायची तो त्याला वाचताही येत नाही, मी फोनवर वाचून दाखवला.

चाळिशीचाचष्मा:
ताई, मी डोळ्यांच्या विभागात काम करते. वकिलीतलं कळत नाही, पण आत ऑइल असताना नजर किती राहणार हे कुणीच सांगू शकत नाही. ते निघाल्यावर, भिंगाचं काय करायचं ते ठरल्यावर, डोळा स्थिरावल्यावर मग कायमचं नुकसान मोजतात. अशा इजेनंतर डोळ्याचा दाब वाढणं, पडदा सुटणं हे महिन्यांनी, कधी वर्षांनीही होतं. क्वचित दुसऱ्या डोळ्यालाही सूज येते. उजव्या डोळ्यात लाली, दुखणं, उजेड सहन न होणं यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा. पहिल्या तपासणीचा कागद, स्कॅन, ऑपरेशनच्या नोंदी यांच्या प्रती आत्ताच मागून घ्या. काढलेला तुकडा जपून ठेवलाय का तेही विचारा.

कज्जेदलाल:
सोमवारी सही नको. कामगारांच्या नुकसानभरपाईचा वकील गाठा आणि पहिला प्रश्न मुदतीचा विचारा. दाव्याची मुदत आणि मालकाला लेखी कळवण्याची मुदत जागोजागी वेगळी असते आणि ती हुकली की बाकी सगळं व्यर्थ. गॉगलबद्दल म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी कामावरच्या अपघाताची ठरावीक भरपाई कुणाची चूक हे न बघता मिळते. मालकाच्या चुकीबद्दल वेगळा दावा लावला तर कामगाराच्या निष्काळजीपणामुळे रक्कम कमी होऊ शकते, पण बहुतेक ठिकाणी दावा बुडत नाही. शिवाय वापरता येईल असा गॉगल होता का, हा प्रश्न उरतोच.

उजव्या डोळ्याबद्दल ते जे म्हणतात ते त्यांच्याच अंगावर येऊ शकतं. इंग्लंडमध्ये पॅरिस विरुद्ध स्टेपनी बरो कौन्सिल असा खटला झाला होता. गॅरेजमधला कामगार, एकच डोळा चांगला, बोल्टवर हातोडा मारताना कण उडून तोही गेला. त्या कामाला गॉगल द्यायची पद्धतच नव्हती. तरी हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) १९५० साली कामगाराच्या बाजूने निकाल दिला: याला एकच डोळा आहे हे मालकाला माहीत होतं, मग याच्यासाठी जास्त काळजी घ्यायला हवी होती. तुमच्याकडे तो निकाल बंधनकारक असेलच असं नाही, पण तुमच्या वकिलाला तो नक्की माहीत असेल. तेव्हा शोधायचं ते हे: मालकाला माहीत होतं का? नोकरीला लागताना तपासणी झाली होती का?

आणि छिन्नीचे फोटो. उद्याच.

मूळ धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार. सही करत नाही असं कळवलं. फोटो त्याच्या सहकाऱ्याने काढून पाठवलेत, छिन्नी अजून तिथेच पडून आहे, डोकं तसंच. तपासणीचा फॉर्म घरच्या फायलीत सापडला. 'उजवा डोळा: दृष्टी कमी' असं लिहिलंय, खाली कंपनीचा शिक्का. तारीख सहा वर्षांपूर्वीची.

आता एकच विचारते. वकिलाने त्याच्या शब्दांत घटना लिहून आणा म्हटलंय. त्याला लिहिता-वाचता येण्याइतकं दिसत नाही. तो सांगेल तसं मी लिहिलं आणि त्याने अंगठा दिला तर चालतं का?