बुलेट ३५०, सिक्स व्होल्ट: चावी दिली की काटा डिस्चार्जला चिकटतोय, प्लगला करंट नाही

करवीर_३५०:
नमस्कार मंडळी. आजोबांची १९७४ ची बुलेट आहे, लई वर्षं गोठ्याच्या कडेला पडून होती. सगळी उघडली, चेसीस उद्यमनगरात पावडर कोटिंग करून आणली, इंजिनचं काम झालं, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं म्हणून अख्खा सेट नवा टाकला, पॉइंट (इंजिनबरोबर उघडमिट होऊन कॉइलचा करंट तोडणारा स्विच) आणि त्याला जोडलेला कंडेन्सर पण नवे. आता असं होतंय की चावी चालू केली की अँपमीटरचा काटा डिस्चार्जला (बॅटरीतनं करंट बाहेर जातोय त्या बाजूला) जातो आणि तिथंच बसतो, लाइट हॉर्न सगळं बंद असताना, आणि किक मारली तरी जागचा हलत नाही. प्लग काढून हेडला टेकवून बघितला, किकवर ठिणगी नाहीच, पण चावी बंद करतो त्या क्षणाला एकच ठिणगी पडते!! पॉइंटची गॅप ०.३८ मिमी ठेवलीय, फिलर गेजनं बघून. मेस्त्री म्हणतोय कॉइल (प्लगला ठिणगीचा व्होल्टेज देते ती) गेली, नवी आणा. आणू का? आजोबांना पन्हाळ्याला न्यायचंय या गाडीवरनं, त्यांचं रोज विचारणं चालूय.

घाटातला_गडी:
भावा एवढा कुटाणा कशाला, सरळ बारा व्होल्ट कर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाक, पॉइंटची कटकटच संपली. माझ्या गाडीला केलंय, एका किकमधे नाद खुळा.

पॉइंटवाला_काका:
कॉइल आणू नकोस. चावी बंद करताना ठिणगी पडते म्हणजे कॉइल जिवंत आहे, तिच्यातनं करंट वाहतोय आणि तो तुटला की ती आपलं काम करतेय. अडचण एवढीच की किक मारताना करंट तुटतच नाही.

काटा काय सांगतोय ते बघ. पॉइंट मिटले की कॉइलमधनं करंट अर्थला (म्हणजे गाडीच्या बॉडीतनं बॅटरीला परत) जातो, काटा डिस्चार्जला. पॉइंट उघडले की काटा मधे. हळू किक फिरवली तर काटा असा इकडनं तिकडं व्हायलाच पाहिजे. (पूर्वीची माणसं यावरच गाडी चालू करायची, डिकॉम्प्रेसर (इंजिनमधला दाब सोडणारा लिव्हर) दाबून किक हळू खाली न्यायची, काटा मधे आला की अजून थोडं पुढं ढकलायचं, लिव्हर सोडायचा आणि मग जोरात मारायची. किक उलटी पायावर बसत नाही.) तुझा काटा हलत नाही म्हणजे पॉइंट उघडले तरी करंट दुसऱ्या कुठल्यातरी वाटेनं अर्थला जातोय.

आता पॉइंटच्या मधे कोरडं जाड कागद घाल, लग्नपत्रिकेचा तुकडा चालतोय, आणि चावी दे. काटा तरी डिस्चार्जला? मग कंडेन्सरची वायर सोडव. काटा मधे आला तर कंडेन्सर आतनं शॉर्ट, नवा असला म्हणून काय झालं, नवे कंडेन्सर डबीतनंच खराब निघालेले बघितलेत मी. तरी नाही आला तर पॉइंटच्या स्क्रूखालचे फायबर वॉशर बघ, त्यांचा क्रम चुकला की वायरचा थिंबळ (टोकाची धातूची कडी) सरळ बॉडीला टेकतो. आणि वायर जिथनं डिस्ट्रिब्युटरमधे (पॉइंट बसतात त्या डबीत) आत शिरते तिथं रबर आहे का ते पण बघ. हे सगळं झटपट कर, पॉइंट मिटलेले असताना चावी चालू ठेवून चहाला गेलास तर मात्र कॉइल खरंच जाईल.

आणि घाटातल्या गड्या, तुझी गाडी चांगली पळत असेल रे, पण वायर कुठं शॉर्ट आहे ते न शोधता वरनं इलेक्ट्रॉनिक बसवलं तर ते नवं युनिट पण त्याच वायरवर बसणार की.

करवीर_३५०:
काका सापडलं!! कागद घातला तरी काटा तसाच, कंडेन्सर सोडवला तरी तसाच. डिस्ट्रिब्युटरच्या तोंडाला रबरच नव्हतं आणि वायर प्लेटखाली दाबून कापली गेलेली, तांबं उघडं. नवी वायर रबर घालून टाकली, दुसऱ्या किकला चालू. आजोबा खुर्ची घेऊन अंगणात येऊन बसले.

पण आता नवीनच. दिवसा चांगली चालते, हेडलाइट लावला की मिसिंग, आयडलला बंद पडते. हेडलाइट पण पिवळा मिणमिण. बॅटरी चार्ज केलेली आहे, काल रात्री रंकाळ्यावरनं ढकलत आणली. आणि क्लचची केबल गरम लागली हाताला, हे काय असतंय?

पॉइंटवाला_काका:
केबलनंच उत्तर दिलंय तुला. इंजिनला चेसीसचा अर्थ मिळत नाही म्हणून करंट क्लच केबलमधनं परत जातोय. पावडर कोटिंग म्हणजे चेसीसला प्लास्टिकचा रेनकोट, बोल्ट कितीही आवळ, खाली लोखंडाला लोखंड लागतच नाही. सिक्स व्होल्टमधे हे जास्त जाणवतं कारण त्याच वॅटच्या बल्बला बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, आणि मुळात सहाच व्होल्ट, त्यातला एक वाटेत गेला तर कॉइलला काय उरणार.

हेडलाइट लावून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थच्या टर्मिनलला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लाव. पाव व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थ खराब. बॅटरीच्या अर्थची वायर जिथं चेसीसला लागते तेवढी जागा खरवडून चकचकीत कर, आणि तिथनंच एक वायर थेट इंजिनच्या बोल्टला, एक हेडलाइटला ने. बोल्ट आवळून झाला की वरनं ग्रीस लाव, आपल्याकडच्या पावसात उघडं लोखंड एका सीझनमधे गंजतंय.

करवीर_३५०:
वायर किती जाडीची घेऊ? लक्ष्मीपुरीत जाणारच आहे उद्या.

पॉइंटवाला_काका:
अडीच स्क्वेअर मिमीची, मल्टिस्ट्रँड (बारीक तारांची). घरातल्या फिटिंगची एकतारी घेऊ नकोस, व्हायब्रेशननं तुटते. थिंबळ नुसतं पक्कडनं दाबू नको, सोल्डर पण कर.