ऊसतोड टोळ्यांतल्या मुलांपर्यंत बिबट्याची माहिती कशी पोचवावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मूळची नारायणगावकडची, नोकरीला पुण्यात. येत्या गाळप हंगामात शनिवार-रविवार जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात बिबट्यावर अभ्यास आणि जनजागृती करणाऱ्या एका गटाबरोबर स्वयंसेवक म्हणून जाणार आहे.

शाळांमधल्या कार्यक्रमाची मला फारशी काळजी नाही. मुलांना 'आजोबा' बिबट्याची गोष्ट सांगायची आहे. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला हा नर २००९ साली माग काढणारी कॉलर गळ्यात लावून माळशेज घाटात सोडला आणि तो चालत थेट बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, तेही सांगणार. वस्तीभोवतीचा कचरा, त्यावर जगणारी कुत्री आणि त्यांच्यामागे येणारा बिबट्या हे मुलांना पटकन समजतं.

अडचण शाळेबाहेरच्या मुलांची आहे. दिवाळीच्या सुमारास बीड, नगरकडून टोळ्या येतात. त्यांच्या कोप्या, म्हणजे राहायच्या तात्पुरत्या झोपड्या, उसाला लागूनच असतात. आईबाप अंधारात फडावर (ऊस तोडायच्या शेतात) जातात आणि लहान भावंडांना सांभाळत पोरं कोपीवर राहतात. सगळ्यात जास्त धोका त्यांनाच, आणि पटावर नाव नसल्यामुळे आपला कार्यक्रम त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. आमच्या भागात बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुलं गेली आहेत. त्या घरांसमोर 'बिबट्या वाचवा'चे फलक घेऊन जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी मुलं कशी सुरक्षित राहतील ते बोलायला हवं.

कोप्यांवर किंवा साखरशाळेत (ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या हंगामी शाळेत) काम केलेलं कुणी आहे का इथे? टोळीशी बोलायला आधी टोळी आणणाऱ्या मुकादमाकडे जावं, की कारखान्याच्या शेतकी विभागाकडे? दिवसभर तोड करून दमलेल्या बायकांशी बोलायची बरी वेळ कोणती? अंधारात मुलांना एकटं सोडू नये, शौचाला जाताना सोबत आणि बॅटरी असावी, हे सांगणं सोपं आहे. पण कोपीला दार नाही, दिवा नाही, तिथे हे पाळायचं कसं? सौरदिवे किंवा मुलांसाठी रात्रीचा बंदिस्त निवारा कुणी उभा केला असेल तर खर्च आणि अनुभव जरूर लिहा.

आणखी एक. तोडताना फडात बछडे सापडले तर हात न लावता तोड थांबवून १९२६ वर वनविभागाला कळवायचं आणि संध्याकाळी वनविभागाने ते त्याच जागी ठेवले की मादी बहुधा घेऊन जाते, हे टोळीला दाखवायला छोटी चित्रफीत किंवा चित्रं हवी आहेत. मराठवाडी बोलीत असतील तर फारच उत्तम. कुणाकडे आहेत का?