किल्ल्यावर गाडी वरपर्यंत जाते का? तातडीने सांगा

हळदीचंपान: उद्या संध्याकाळी आईला किल्ल्यावर न्यायचंय, सूर्यास्त बघायला. गाडी वर जाते की चालावं लागतं, एवढंच सांगा. 'खूप सुंदर, नक्की जा' असले प्रतिसाद नकोत.

रानवाट: कुठला किल्ला?

मांडवीकाठ: आग्वादच असणार. गाडी दरवाजापाशी जाते, आत सपाटी. न्या बिनधास्त.

रानवाट: आणि सूर्यास्त? आग्वादला त्याआधीच बाहेर काढतात.

चिंचगुळ: मी म्हणेन रेइश मागुश. छान दुरुस्त केलाय, आत मारियो मिरांडांची चित्रं आहेत, समोर पणजी.

हळदीचंपान: अहो, शापोरा! म्हापशातून संध्याकाळी दुसरीकडे कोण जातं?

रानवाट: म्हापसा आत्ता कळलं. आईंचं वय? गुडघे?

हळदीचंपान: अडुसष्ट. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चालते, पण चढ आला की कुरकुरते.

इतिहासवेडा: आजची तटबंदी पोर्तुगीजांची, १७१७ ची. १७३९ मध्ये मराठ्यांनी किल्ला घेतला आणि १७४१ मध्ये परत द्यावा लागला. आईंना हे जरूर सांगा.

चिंचगुळ: गुडघ्याचं विचारलंय हो त्यांनी.

पेडण्याची: गाडी वर जात नाही. वागातोरकडून चढ थोडाच, पण उभा, आणि जांभ्याची खडी पायाखालून सरकते. चढून जाल, उतरताना गुडघा बोलेल. शापोरा गावाकडून वाट जरा बरी. सूर्यास्तानंतर लगेच अंधारतं, बॅटरी न्या. वर नुसता तट आहे, सावली नाही, पाणीही नाही. पण नदी समुद्राला मिळते ती जागा आणि पलीकडचं मोरजी तिथूनच बघावं.

मांडवीकाठ: गावाकडची वाट बरी? आमचे काका तिथेच आपटले.

पेडण्याची: चप्पल घालून गेले असतील.

मांडवीकाठ: तुम्हाला कसं कळलं?

भटक्या_फोंडा: 'दिल चाहता है' सिनेमातले ते तीन मित्र बसतात तो तट कुठल्या बाजूला?

हळदीचंपान: आई वाचतेय. म्हणते, काठी घेते, गावाकडून जाऊ. गाडी कुठे लावायची?

पेडण्याची: चढ सुरू होण्याआधी रस्त्याकडेला. शनिवार-रविवार असेल तर लवकर निघा.

भटक्या_फोंडा: बरं, केरीहून तेरेखोलच्या फेरीत मोठी गाडी घेतात का?