एचआयव्हीची एआरटी (रोजच्या गोळ्या) चालू आहे आणि बाळ हवंय, कुणाचा अनुभव आहे का? (नाशिक)

सातपूरची_मी
नमस्कार, नाव नाही सांगत. वय 29, लग्नाला 4 वर्षं झाली. मी पॉझिटिव्ह, मिस्टर निगेटिव्ह, त्यांना सगळं माहितीये, सासूबाईंना नाही. 3 वर्षं गोळ्या चालू आहेत, एक पण चुकवली नाही, मागचे दोन्ही व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूची तपासणी) टीएनडी, म्हणजे विषाणू सापडलाच नाही. सासूबाई पाळण्याचा विषय काढतातच पण खरं सांगू का, त्यांच्यासाठी नाही, मला स्वतःलाच हवंय, नणंदेच्या बाळाला अंघोळ घालताना पोटात कालवतं. एका खाजगी डॉक्टरांकडे गेले तर फाईल बघून म्हणाले तुला कशाला हवंय मूल, त्या पोराचा तरी विचार कर. त्या दिवशी जेवले नाही. मी स्वार्थी आहे का?

निफाडची_आई
अजिबात नाही गं. माझा मुलगा 7 वर्षांचा आहे, निगेटिव्ह. मला तर चौथ्या महिन्यात तपासणीत कळलं, लगेच गोळ्या सुरू केल्या. बाळाला लागण होऊ नये म्हणून 6 आठवडे नेव्हिरापिनचं सिरप दिलं, मग टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन टेस्ट, पुन्हा 6 आणि 12 महिन्यांनी, शेवटची 18 व्या महिन्यात कारण आईच्या अँटिबॉडी तोवर बाळाच्या रक्तात राहू शकतात. ते दीड वर्ष जीव टांगणीला होता, खोटं नाही बोलणार. आणि पहिले 6 महिने फक्त अंगावरचं दूध, सगळ्याजणी मध चाटव, घुटी दे म्हणायच्या, मी सरळ सांगितलं डॉक्टरांनी नाही म्हटलंय.

समुपदेशक_ताई
ताई, काहीच उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण व्हायचं प्रमाण 15 ते 45 टक्के धरतात, उपचार नीट असले तर 5 च्या खाली येतं. व्हायरल लोड टीएनडी राहिला तर संबंधातून मिस्टरांनाही लागण होत नाही. फक्त एक करा, पाळी चुकल्यावर एआरटी सेंटरला येऊ नका, आधी या. हिमोग्लोबिन, थायरॉईड बघून घेऊ, फॉलिक ॲसिड सुरू करू, आणि दिवस गेल्यावर घाबरून गोळ्या बंद करायच्या नाहीत, ही चूक फार जणी करतात. आणि 2017 च्या एचआयव्ही कायद्यात स्पष्ट आहे, तुमच्या संमतीशिवाय गर्भपात किंवा नसबंदी कोणी करू शकत नाही, तुमची माहितीही कुणाला सांगता येत नाही. आधी फोनवर बोलायचं असेल तर 1097 ही एचआयव्हीची हेल्पलाइन फुकट आहे.

एकटी_36
माझे मिस्टर गेले 2015 ला. गोळ्या घेतल्या का एवढंच सगळे विचारतात, मूल हवंय का हे आजवर कुणीच विचारलं नाही, विधवा ना. मला हवं होतं. तू विचारतेयस ते वाचून बरं वाटलं गं.

सातपूरची_मी
एकटी ताई, तुमचं वाचून रडू आलं. मेसेज करते तुम्हाला. सोमवारी सिव्हिलला गोळ्या आणायला जायचंच आहे, यावेळी ह्यांना सुट्टी टाकायला लावते, दोघं मिळून विचारतो. निफाडच्या ताई, मुलाला पहिल्यांदा निगेटिव्ह सांगितलं तेव्हा कोण होतं तुमच्यासोबत?

निफाडची_आई
माझी आई. एसटीत बसून दोघी पिंपळगावपर्यंत रडत आलो, कंडक्टर विचारतोय काय झालं मावशी.