मदत हवी आहे : हळदीचा अर्क घातलेल्या लाडवाला टॉक्सिसिटी टेस्ट लागते का?

मंडळी, फूड टेक, फार्मा किंवा एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) कामातलं कोणी असेल तर प्लीज पूर्ण वाचा, जरा लांबलंय.

सांगलीजवळ आमचा बारा जणींचा बचत गट आहे. नाचणीचे लाडू, मेतकूट, शेवग्याच्या पाल्याची पावडर, हळद असं विकतो. आता पुण्याच्या एका पार्टीने मोठी ऑर्डर देऊ केलीय. लाडू आपलाच नाचणीचा, पण प्रत्येकात ९५ टक्केवाला कर्क्युमिनचा (हळदीतला मुख्य पिवळा घटक) अर्क २५० मिलिग्रॅम आणि सोबत मिऱ्यातलं पाइपरिन. पाकिटावर छापणार 'फंक्शनल फूड, इम्युनिटीसाठी रोज दोन'. मी विचारलं याची सेफ्टी टेस्ट कोणी केलीय का, तर म्हणाले ताई हळदच तर आहे, आपल्या आज्या-पणज्या खात आल्या, त्याला कसली टेस्ट, न्यूट्रिशन आणि हेवी मेटलचा रिपोर्ट काढला की काम झालं. गटातल्या निम्म्या जणींना हे पटलंय, मला नाही पटत.

कारण मी हिशोब करून बघितला. हळदीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्के असतं, म्हणजे दिवसभराच्या भाजी-आमटीतून ३ ग्रॅम हळद पोटात गेली तरी ते शंभरेक मिलिग्रॅमच्या आसपास, आणि त्यातलंही फारसं अंगात मुरतच नाही. दोन लाडवांत मात्र पावणेपाचशे मिलिग्रॅम. अन्नातल्या रंगांची मर्यादा ठरवणारी जी आंतरराष्ट्रीय समिती आहे तिने कर्क्युमिनला रोज वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत ठीक म्हटलंय, म्हणजे ५५ किलोच्या बाईला १६५. वर पाइपरिन. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं होतं की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पाइपरिन दिलं तर माणसाच्या अंगात ते वीसेक पट जास्त शोषलं जातं. जाहिरातीत हे कौतुकाने सांगतात, पण मग आजीच्या हळदीचा दाखला इथे कसा काय चालेल? आजीने ही गोष्ट कधी खाल्लीच नव्हती ना.

आणि हा लाडू आहे, कॅप्सूल नाही. कॅप्सूल माणूस मोजून घेतो. लाडवाचा डबा फडताळात असला की शाळेतून आलेलं २० किलोचं पोर येता-जाता चार उचलतं, त्याला तर दिवसाचे ६० मिलिग्रॅमच बसतात. हे मी त्या पार्टीला सांगितलं तर म्हणाले लेबलवर बारीक अक्षरात टाकू.

मी इतकी का अडून बसलेय तेही सांगते. कोरोनात माझी मावशी रोज दोन वेळा गुळवेलीचा काढा घ्यायची, कोणीतरी आणून दिलेल्या वेलाचा. तीन महिन्यांनी डोळे पिवळे, एसजीपीटी (रक्तातली लिव्हरची तपासणी) प्रचंड वाढलेलं. डॉक्टरांनी काढा बंद करायला लावला, मावशी दीड-दोन महिन्यांत बरी झाली. काढ्यामुळेच झालं असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले नाहीत, पण २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी अशाच सहा पेशंटचा पेपर छापला. आयुष मंत्रालयाने तेव्हा उत्तर दिलं की गुळवेल सुरक्षित आहे, ओळखण्यात चूक झाली असेल, तिच्यासारखाच दिसणारा दुसरा वेल असतो. मी म्हणते असेलही, पण मग वेल कोणता हे तपासणं ही पण सेफ्टी टेस्टच झाली ना?

तर प्रश्न असा की कायद्याने टेस्ट लागते का, लागत नसेल तरी मागावी का, आणि मागायची तर नेमकं काय मागू?

प्रतिसाद १
ताई, मी आठ वर्षं टॉक्सिकॉलॉजी लॅबमध्ये (विषारीपणा तपासणारी लॅब) होतो. एफएसएसएआयच्या २०२२ च्या न्यूट्रास्युटिकल (आरोग्यासाठी म्हणून विकायचे अन्नपदार्थ) नियमांना वनस्पतींची यादी जोडलेली आहे, रोजचं प्रमाण किती तेही त्यात असतं. घटक यादीत आणि प्रमाणात बसत असेल तर नव्याने प्राण्यांवरची टेस्ट मागत नाहीत. यादीबाहेरचं काही असेल तर २०१७ च्या नियमांखाली आधी मंजुरी घ्यावी लागते आणि तिथे सुरक्षिततेचा डेटा द्यावा लागतो. म्हणून आधी त्यांना विचारा की हा लाडू कोणत्या नियमाखाली विकणार. नुसतं 'फंक्शनल फूड' छापून भागत नाही, आणि न्यूट्रास्युटिकल बनवायला सेंट्रल लायसन्स लागतं, ते तुमच्याकडे नसणार.

९० दिवसांची उंदरांवरची टेस्ट गटाने करायची नसते, खर्च लाखांत जातो. त्यात किमान तीन डोस आणि एक कंट्रोल (काहीच न दिलेला गट), प्रत्येक गटात १० नर १० माद्या, शेवटी रक्त, लिव्हर, किडनी सगळं बघतात. ज्या डोसला काहीच वाईट दिसत नाही त्याला साधारण १०० ने भागून माणसाची मर्यादा काढतात. हा रिपोर्ट अर्क बनवणाऱ्या कंपनीकडे असायला हवा. पण नुसत्या कर्क्युमिनचा रिपोर्ट दाखवला तर घेऊ नका, पाइपरिनसकटचा मागा. पाइपरिन लिव्हरमधली औषधं मोडणारी एन्झाइम्स पण अडवतं, घरात बीपीच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तो वेगळाच धोका. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटनंतर लिव्हरला सूज आलेल्या केसेस आल्या, तपासात भेसळ सापडली नाही, तरी सरकारने लेबलवर इशारा छापायला लावला.

प्रतिसाद २
मी भंडाऱ्याची. पिढ्यानपिढ्या खाल्लं म्हणून चालतं म्हणणाऱ्यांना आमची लाखोळीची डाळ सांगा. ताटात थोडी असली तर काही होत नव्हतं, पण दुष्काळात दोन-तीन महिने तीच पोटभर खाल्ली की धडधाकट माणसाचे पाय लुळे पडायचे, ते परत बरे व्हायचे नाहीत. १९६१ मध्ये विक्रीवर बंदी आली ती त्यामुळेच. किती आणि किती दिवस, सगळं त्यावर आहे.

प्रतिसाद ३
टेस्ट एकदा करून पण भागत नाही हो. मी जपानमध्ये राहतो, इथे २०२४ मध्ये कोलेस्टेरॉलसाठी घ्यायच्या लाल यीस्ट तांदळाच्या गोळ्यांनी शेकडो लोक किडनीच्या त्रासाने हॉस्पिटलात गेले. बनवताना बुरशी शिरली आणि तिने प्युबेरुलिक ॲसिड नावाचं किडनीला घातक रसायन तयार केलं. त्यामुळे प्रत्येक बॅचचा रिपोर्ट मागा.

धागाकर्ती
तिघांचेही खूप आभार, लाखोळीचं तर उद्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगणारे. पार्टीला लेखी विचारायचं ठरवलंय : लायसन्स कोणतं, अर्क-पाइपरिन मिश्रणाचा ९० दिवसांचा रिपोर्ट, आणि दर बॅचचा सर्टिफिकेट. नाही दिलं तर अर्काशिवाय साधा नाचणीचा लाडू घ्या म्हणणार. असं पत्र कोणी लिहिलं असेल तर नमुना द्याल का? गुरुवारपर्यंत त्यांना उत्तर द्यायचंय.