गिरगावातली आमची चाळ हेरिटेज यादीत आहे, म्हणजे ती पाडता येत नाही का?

गॅलरीतली_मुलगी
मंडळी, जरा मार्गदर्शन हवंय. गिरगावात आमची तळमजला अधिक तीन अशी लाकडी चाळ आहे, आजोबांनी १९३८ साली पागडीवर, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने, खोली घेतली तेव्हापासून आम्ही तिथेच. पालिकेच्या हेरिटेज यादीत ग्रेड तीन. यंदा पावसात मागच्या गॅलरीचा एक खांब खाली तळखड्यापाशी कुजलाय असं दिसलं, नखाने दाबलं तरी भुगा पडतो, पण हातभर वर तेच सागवान इतकं टणक की खिळा वाकतो. मालक म्हणतात हेरिटेज आहे, हात लावता येत नाही, त्यापेक्षा बिल्डरला देऊया. शेजारचे काका म्हणतात हेरिटेज आहे म्हणजे कोणी पाडूच शकत नाही, निवांत राहा. खरं काय? मला ही चाळ मनापासून हवीये.

नकाशावाला
ताई, दोघांचंही चुकतंय. मुंबईत हेरिटेजचे नियम १९९५ ला आले, त्यात ग्रेडप्रमाणे बंधनं आहेत. ग्रेड एकमध्ये आतबाहेर कुठेच बदल नको, फक्त मजबुतीपुरतं काम. दोन-अ मध्ये आतून बदल चालतात, दोन-ब मध्ये त्याच आवारात वाढीव बांधकामही होऊ शकतं, आणि तीन सगळ्यात सैल. दुरुस्तीला बंदी कुठल्याच ग्रेडला नाही, त्यामुळे मालकांचं म्हणणं सोडून द्या.

पण काकांना हे नक्की सांगा. १९४० च्या आधीची पागडीची चाळ म्हणजे बहुतेक उपकरप्राप्तच, म्हणजे दुरुस्तीसाठी म्हाडाचा उपकर भरणारी, असणार, आणि १९९९ मध्ये सरकारने नियम बदलून ग्रेड तीनच्या उपकरप्राप्त इमारतींना पुनर्विकासासाठी हेरिटेज समितीची खास परवानगी लागणार नाही असं केलं. म्हणजे विकास नियमावलीच्या ३३(७) खाली, जो अशा इमारतींच्या पुनर्विकासाचा नियम आहे, रहिवाशांची संमती गोळा झाली की यादीतलं नाव तुमची चाळ वाचवणार नाही. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर इथल्या लाकडी इमारतींचा खरा प्रश्न हाच आहे आणि याबद्दल फार कमी लोक बोलतात, मला याचा खूप त्रास होतो.

फोर्टचा_फिरस्ता
वरचा ग्रेड असला तरी नुसत्या यादीने भागत नाही. काळाघोड्याची वॉटसन हॉटेलची इमारत बघा, बिडाच्या सांगाड्याची, १८९६ ला ल्युमिएर बंधूंची चलचित्रं भारतात पहिल्यांदा तिथेच दाखवली. ग्रेड दोन-अ. तरी २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला आणि २०१९ ला ती रिकामी करावी लागली, कारण भाडं जुनं, मालकाला दुरुस्तीत काही मिळत नाही, भाडेकरू खर्च करत नाहीत, आणि वर्षानुवर्षं पाणी मुरत राहतं. पाडायला परवानगी लागते हे ठीक, पण जपायचा खर्च कोणी करायचा याचं उत्तर हवंच ना.

पेठेतला_सुतार
पुण्याहून लिहितोय, आमच्या घरात तीन पिढ्या वाड्यांची लाकूडकामं. तुम्ही लिहिलंय तसा खांब खाली दीड-दोन फूटच गेलेला असेल तर अख्खा बदलू देऊ नका. वरच्या तुळईला टेकू द्यायचा, कुजलेला भाग कापायचा, जुन्याच सागाचा तुकडा खाचेत बसवून जोड मारायचा. काही जण खांबाभोवती सिमेंट भरतात ते अजिबात नको, आत ओल अडकते आणि वरचं चांगलं लाकूडही जातं. आणि आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, बहुतेक वेळा वरच्या मोरीचा पाइप असतो.

गॅलरीतली_मुलगी
खूप आभार सगळ्यांचे. सुतारदादा, बरोब्बर, त्या खांबाच्या डोक्यावरच दुसऱ्या मजल्याची मोरी आहे. १९९९ चा बदल ठाऊक नव्हता, वाचून पोटात गोळाच आला. काकांना आजच सांगते. म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे अर्ज कोणाच्या सहीने करायचा, मालकांच्याच लागेल की भाडेकरू करू शकतात?

नकाशावाला
भाडेकरूही करू शकतात, उपकर भरतोच आपण. सगळ्या खोल्यांच्या सह्या घ्या, खांबाचे फोटो लावा, आणि अर्जात ग्रेडचा उल्लेख ठळक करा.