बाबांच्या घड्याळाचा डायल बदलू की नको? तुमच्या जुन्या घड्याळांचे अनुभव सांगा

वडगाव, बेळगाव
बाबा वडगावात मागावर होते. १९७६ च्या दिवाळीच्या बोनसमधून त्यांनी एचएमटी जनता घेतलं आणि त्यानंतर दुसरं घड्याळ घेतलंच नाही. सकाळी चहाच्या आधी चावी द्यायची, तीही मोजून. ते गेल्यावर तीन वर्षं घड्याळ कपाटात होतं. गेल्या महिन्यात काढलं, तर दोन मिनिटं चालतं आणि थांबतं. डायल पिवळा पडलाय, बाराच्या खाली एक डाग आहे. दुकानात दाखवलं तर म्हणाले, "मशीन सर्व्हिस करतो, डायल नवीन टाकतो, एकदम कोरं दिसेल." मी घड्याळ परत घेऊन आले. का, ते मलाच नीट सांगता येईना.

तुमच्या घरात असं घड्याळ असेल तर त्याचं काय केलंत ते लिहा. दुरुस्त झालं असेल, फसलं असेल, नुसतं डबीत असेल, काहीही चालेल.

निपाणी
आमचं फसलं, म्हणून आधी सांगतो. अज्जा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. त्यांचं वेस्ट एंडचं सोवार प्रायमा. आकड्यांवर रेडियम, तेही काळवंडलेलं. मी हौसेनं लांबच्या एका कारागिराकडं पाठवलं. परत आलं ते पांढरंशुभ्र! कंपनीच्या नावाची अक्षरं जाडजूड, सेकंदाच्या रेघा तीनच्या आकड्यात घुसलेल्या. आत्तीच्या हातात दिलं तर तिनं उलटंसुलटं करून विचारलं, "हे कुणाचं रे?" जुना डायल तरी द्या म्हणून फोन केला, तर तोच खरवडून रंगवलाय म्हणे.

ताई, बदलायचाच असेल तर जुना डायल कागदात गुंडाळून आधी ताब्यात घ्या.

खानापूर तालुका
आमच्याकडं घड्याळाचा शत्रू एकच, पाऊस. जूनमध्ये भिंतीला ओल येते, तिथं मनगटावरच्या घड्याळाचं काय घेऊन बसलात. सासऱ्यांच्या घड्याळात काचेच्या आतून वाफ धरायची. कुणीतरी सांगितलं म्हणून तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलं. वाफ गेली, खरं तांदळाची पूड चावीच्या फटीतून आत गेली. घड्याळजीनं उघडून आधी माझ्याकडं बघितलं, मग घड्याळाकडं. चावीची दांडी गंजलेली, झाकणाचं रबर चुरा झालेलं. दांडी आणि रबर बदललं, बाकी धुऊन तेल घातलं. आता पावसाळ्यात ते घालतच नाही. औषधाच्या बाटलीत येते ती सिलिकाची पुडी घालून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवते.

सैन्यातून निवृत्त, बेळगाव
एचएमटी जवान. भरती झालो तेव्हा थोरल्या भावानं दिलं. काच तीनदा बदलली, पट्टे किती ते आठवत नाही. डायलवर ओरखडा आहे, तो कसा पडला ते माझं मला माहीत. डायल बदलू नये. एवढंच.

भालकी
आई शिक्षिका होती. तिचं घड्याळ चार आण्याएवढं. दोघातिघांनी सांगितलं, लेडीजमध्ये आम्ही हात घालत नाही, पार्ट फार बारीक. चौथ्यानं त्यातलं मशीन काढून सेलचं बसवलं. वेळ अगदी बरोबर दाखवतं. खरं आई ते कानाला लावून "चालू आहे का?" म्हणून बघायची, आणि आता लावलं तर सेकंदाला एकच ठोका, तोही दबका. जुनं मशीन फिल्मच्या रिळाच्या डबीत आहे. कुणी हात घालणारा भेटला तर कळवा.

गोकाक
सगळे एकाच सुरात बोलायलेत म्हणून उलटं सांगते. अज्जांच्या घड्याळाचा डायल गंजानं पार खाल्ला होता, आकडे दिसत नव्हते. मी नर्स आहे, मला नाडी मोजायला सेकंदकाटा आणि रेघा स्पष्ट लागतात. नवा डायल टाकला, नवा पट्टा टाकला, आणि सात वर्षं रोज ड्युटीवर घालते. जुन्या डायलसकट कपाटात ठेवलं असतं तर अज्जांची आठवण सणासुदीला आली असती. आता दर रुग्णागणिक घड्याळ बघते. मला काही पश्चात्ताप नाही.

लोंढा
आमचे अज्जा रेल्वेत. घड्याळ कायम पाच मिनिटं पुढं. गाडी चुकू नये म्हणून, आणि रिटायर झाल्यावर सवय म्हणून. ते गेल्यावर दुरुस्तीला दिलं. कारागीर चांगला माणूस, त्यानं मशीन धुतलं, रेडिओवर वेळ लावून दिली. अज्जीनं भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघितलं आणि दोन्ही एकच वेळ दाखवतात म्हटल्यावर रुसली. "बिघडवून आणलंस." काटा पाच मिनिटं पुढं सरकवला, तेव्हा जेवली. दुरुस्तीचे पैसे मात्र माझे गेले.

घड्याळ दुरुस्ती, खडेबाजारजवळ
चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसतोय, म्हणून थोडं लांबण लागेल.

ताई, तुमचं दोन मिनिटं चालून थांबतंय म्हणजे बहुतेक काही मोडलेलं नाही. तेल वाळून गोंद झालंय. लोक म्हणतात चावी जास्त दिली म्हणून अडकलं. तसं क्वचितच असतं. स्प्रिंग पूर्ण भरलेली असते आणि पुढं चाकं फिरत नसतात, म्हणून चावी गच्च लागते. जनता सतरा ज्वेलचं, म्हणजे चाकांची टोकं झिजू नयेत म्हणून आत सतरा बारीक खडे बसवलेले; सेकंदाला पाच ठोके देतं. सर्व्हिस झाल्यावर एका चावीत दीड दिवस निघायला पाहिजे. मागावरची घड्याळं मी पुष्कळ उघडलीत. झाकणाच्या कडेला रुई वातीसारखी वळून बसलेली असते.

दुरुस्तीनंतर एकदम दिवसाला वीस-वीस मिनिटं पुढं पळायला लागलं, तर परत मशीन खोलू देऊ नका. स्पीकरजवळ ठेवलं असेल. बारीक केसासारख्या स्प्रिंगला चुंबक लागतं, वेढे एकमेकांना चिकटतात, आणि घड्याळ धावतं. चुंबक उतरवायचं यंत्र असतं, मिनिटभराचं काम.

निपाणीच्या भावांना एक. रेडियम खरवडणाऱ्यानं स्वतःचंही वाईट केलं. चमक जाते, किरणं जात नाहीत, आणि ती पूड नाकात गेली तर घातक. तसला डायल असेल तर काच काढून घरी पुसत बसू नका.

आता पार्टचं. एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनबरोबर बेंगळुरात घड्याळं सुरू केली, ती एचएमटी वॉचेस कंपनी बंद करायचं २०१६ मध्ये ठरलं. त्याच्याही आधीपासून आम्ही मेलेल्या घड्याळातून जिवंत घड्याळाला पार्ट घालतोय. ऑनलाइन 'जुनं पण नवंकोरं' म्हणून मिळतात ती बरीचशी अशीच जोडलेली, वर रंगवलेला डायल. लाल, निळा, पोपटी असले रंग बघूनच ओळखावं. म्हणून म्हणतो, तुमचा डायल मूळचा आहे तर राहू द्या. डागाला ओला कापूस लावू देऊ नका, छापलेली अक्षरं कापसाबरोबर येतात. काच प्लास्टिकची असते, ती पॉलिश केली की अर्धं घड्याळ नवं दिसतं.

आणि मागचं झाकण उघडतील तेव्हा समोर बसा. झाकणाच्या आतल्या बाजूला बघा.

वडगाव, बेळगाव
धागा काढला तेव्हा एवढे लोक लिहितील असं वाटलं नव्हतं. गोकाकच्या ताईंचं वाचून एक दिवस मन डळमळलं होतं, खरं बाबांच्या डायलवरचे आकडे अजून दिसतात.

काल घड्याळजींच्या समोर बसले. रुई होती, राखाडी, एका कडेला. त्यांनी चिमट्यानं काढून कागदावर ठेवली आणि झाकण उलटं करून भिंग माझ्या हातात दिलं. आत सुईनं कोरल्यासारखे आकडे होते. ८-८१. ३-८७. ११-९४. पुढं आणखी चार, प्रत्येकाचं वळण वेगळं. प्रत्येक सर्व्हिस करणाऱ्यानं आपली खूण ठेवली होती. शेवटची २००९ ची. त्या वर्षी बाबांचं ऑपरेशन झालं होतं, घरात पैशाची ओढाताण होती, आणि तरी त्यांनी घड्याळ दिलेलं दिसतं. आम्हाला कुणाला माहीत नव्हतं.

डायल तसाच ठेवला. काच पॉलिश केली, पट्टा नवा घेतला. झाकण बंद करायच्या आधी घड्याळजींनी विचारलं, "माझी तारीख कोरू का?"

"कोरा," म्हटलं.